जपानी विद्यार्थ्यांमधील अल्पकालीन ख्रिस्ती धर्मप्रचार : एक विवेचन

धर्मप्रचाराचा विचार करताना प्रचारक काय सांगतो याकडेच आपण प्रामुख्याने पाहतो. तो किती काळ राहतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि तो निघून गेल्यावर ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येते, या गोष्टींकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. वस्तुतः कोणताही धर्म एखाद्या मनात रुजतो की नाही, हे पुष्कळ अंशी या दुसऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. याचे बोलके उदाहरण म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही जपानमधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांत चालणाऱ्या अल्पकालीन ख्रिस्ती धर्मप्रचाराचा परामर्श घेणार आहोत. परधर्माची निंदा करावी हा आमचा हेतू नाही. ज्या देशातील घराघरांत बुद्धमूर्ती आणि पूर्वजांच्या नामपट्टिका शतकानुशतके एकाच देव्हाऱ्यात राहिल्या, तेथील तरुण एका नव्या धर्माच्या आवाहनाला कसा सामोरा जातो, हा प्रश्न बुद्धधम्माच्या अभ्यासकालाही तितकाच महत्त्वाचा आहे.

अल्पकालीन दौऱ्याचे स्वरूप

पूर्वीचा मिशनरी घर सोडून निघे तो बहुधा आयुष्यभरासाठी. समुद्रप्रवासाला महिने लागत, भाषा शिकण्यास वर्षे जात आणि अनेकांच्या समाध्या परदेशच्या भूमीतच झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास सुलभ झाला आणि हे चित्र पालटले. अमेरिकेत १९५१ मध्ये ‘कॅम्पस क्रूसेड’ ही विद्यापीठांतील प्रचारासाठी आणि १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही तरुणांना प्रचारकार्यासाठी पाठविणारी संस्था स्थापन झाली. या आणि अशा अन्य संस्थांनी महाविद्यालयीन तरुणांना सुटीच्या काळात काही आठवड्यांसाठी परदेशी पाठविण्याची पद्धत रूढ केली. पुढे दक्षिण कोरियातील चर्चेसही या कार्यात मोठ्या प्रमाणावर उतरली.

जपानमधील अशा दौऱ्याची रीत ठरलेली असते. तरुणांची एक लहान तुकडी आपल्या चर्चच्या सभासदांकडून आणि आप्तेष्टांकडून प्रवासखर्च जमा करते आणि जपानमधील एखाद्या स्थानिक चर्चच्या आश्रयाने दोन-चार आठवडे राहते. जपानी विद्यापीठांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि पहिले सत्र जुलैच्या अखेरीपर्यंत चालते. अमेरिकन महाविद्यालयांना मे महिन्यातच सुटी लागत असल्यामुळे पाहुण्यांना जपानी विद्यार्थी त्यांच्या विद्यापीठातच भेटू शकतात. भेटीचे निमित्त बहुधा इंग्रजी संभाषणाचे असते. जपानी विद्यार्थी शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकतो. परंतु ती बोलण्याची संधी त्याला क्वचितच लाभते. पाहुण्याजवळ नेमकी तीच गोष्ट असते. मग एकत्र जेवण होते, खेळ होतात, गावात फेरफटका होतो, आणि परिचय वाढल्यावर एखाद्या संध्याकाळी पाहुणा आपल्या श्रद्धेची कहाणी सांगतो. शेवटी स्थानिक चर्चमध्ये येण्याचे आमंत्रण दिले जाते आणि तुकडी मायदेशी परतते.

या तरुणांच्या प्रामाणिकपणाविषयी सरसकट शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना बोलावणारी जपानी चर्चेस बहुधा लहान असतात, त्यांचे सभासद वयोवृद्ध असतात आणि विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्यास त्यांच्याजवळ मनुष्यबळ नसते. एवढे असूनही जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का इतकेच राहिले आहे. त्याचे कारण जपानी मनाच्या कठोरपणात शोधण्याची प्रथा आहे. आमच्या मते ते कारण इतके सोपे नाही. ते जाणून घेण्यासाठी या प्रचाराच्या आरंभाकडे, म्हणजेच आपल्या शेजारच्या गोव्याकडे वळले पाहिजे.

गोव्याहून निघालेला पहिला प्रवासी

फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले. १५४७ मध्ये मलाक्का येथे त्यांची आंजिरो नावाच्या एका जपानी माणसाशी गाठ पडली. आंजिरोने १५४८ मध्ये गोव्यातच बाप्तिस्मा घेतला. त्याच्याकडून जपानविषयी ऐकून झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या दक्षिणेस कागोशिमा येथे उतरले. आंजिरो, कोस्मे द तोरेस आणि जुआन फर्नांदेझ हे त्यांच्या सोबत होते.

झेवियर यांची दृष्टी आरंभापासून विद्यार्थ्यांवर होती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. जपानमधील हिएई आणि कोया या पर्वतांवरील मठ तसेच पूर्वेकडील आशिकागा येथील विद्यालय यांना ते युरोपीय विद्यापीठांच्या तोडीची ज्ञानकेंद्रे मानीत. तेथील विद्वानांशी वाद करून त्यांना जिंकले, की देश जिंकला असा त्यांचा कयास होता. १५५१ च्या आरंभी ते क्योतोपर्यंत गेले. परंतु हिएई पर्वताचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. याउलट कागोशिमा येथील फुकुशोजी या झेन मठाचे वृद्ध प्रमुख निन्शित्सु यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. दोघांचे मत एक झाले नाही, तथापि स्नेह टिकला.

त्यांच्या मार्गातील पहिली अडचण शब्दांची होती. परमेश्वर या अर्थी कोणता शब्द वापरावा, असा प्रश्न पडला तेव्हा आंजिरोच्या सांगण्यावरून त्यांनी ‘दाइनिची’ हा शब्द स्वीकारला. दाइनिची म्हणजे शिंगोन संप्रदायातील महावैरोचन बुद्ध. साहजिकच ऐकणाऱ्यांना वाटले, की हे तेन्जिकुहून, म्हणजे भारतातून आलेले बौद्ध भिक्खूच असून एखादा नवा संप्रदाय सांगत आहेत. शिंगोन भिक्खूंनी तर त्यांचे स्वागतच केले. चूक उमगल्यावर झेवियर यांनी तो शब्द टाकला आणि ‘देऊस’ हा लॅटिन शब्द जसाच्या तसा वापरण्यास सुरुवात केली. पहिला शब्द इतका ओळखीचा होता, की त्यात नवे काहीच ऐकू आले नाही; दुसरा इतका अनोळखी, की त्यातून काहीच बोध होईना. धर्मशब्दांच्या भाषांतरातील हा पेच आजच्या दौऱ्यापर्यंत कायम आहे. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी ईश्वरासाठी ‘कामी’ हा शब्द योजला. परंतु कामी म्हटले की जपानी मनापुढे शिंतो मंदिरातील, वनातील, पर्वतावरील असंख्य देवता उभ्या राहतात. ज्याला जपानी भाषा अवगत नाही अशा पाहुण्याने एकाच संध्याकाळी ‘देव तुझ्यावर प्रेम करतो’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला नेमके काय ऐकू आले असेल, हे पाहुण्याला कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

पूर्वजांचा प्रश्न

दुसरी अडचण अधिक खोल होती. यामागुची येथे नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनी झेवियर यांना विचारले, की ज्यांनी हा धर्म कधी ऐकलाच नाही त्या आमच्या मृत आईबापांचे काय? त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर ते नरकातून सुटतील काय? सुटणार नाहीत, असे उत्तर झेवियर यांना द्यावे लागले. ते ऐकून लोक रडले, आणि त्यांचे अश्रू पाहून आपणासही दुःख झाले, असे झेवियर यांनी १५५२ मध्ये युरोपला पाठविलेल्या पत्रात नमूद केले आहे.

हा प्रश्न सोळाव्या शतकाबरोबर संपला नाही. आजही जपानी विद्यार्थी घरी परततो तेव्हा अनेक घरांत बुत्सुदान, म्हणजे कौटुंबिक देव्हारा असतो. ऑगस्टच्या मध्यास बहुतेक भागांत ओबोनचा काळ येतो. त्या वेळी पूर्वज घरी येतात अशी भावना असते आणि कुटुंब समाधीस्थळी जाऊन पाणी, फुले व धूप अर्पण करते. ज्येष्ठ पुत्रावर तर कुटुंबाच्या समाधीची जबाबदारी परंपरेने येऊन पडते. ‘मी बाप्तिस्मा घेतला तर आजीच्या अंत्यविधीला धूप वाहू शकेन काय? आमची समाधी कोण सांभाळील?’ असे प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. या प्रश्नांना ख्रिस्ती संप्रदायांची उत्तरेही एकसारखी नाहीत. रोमन कॅथलिक चर्च या बाबतीत पुष्कळ सवलत देते; अनेक प्रॉटेस्टंट चर्चेस देत नाहीत. येथे सूक्ष्म गोष्ट अशी, की हे प्रश्न जुलैच्या इंग्रजी संभाषणात उद्भवत नाहीत. ते ऑगस्टमध्ये, घरी, आईवडिलांसमोर उद्भवतात. आणि तेव्हा पाहुणा आपल्या देशी पोहोचलेला असतो.

मागे राहिलेली माणसे

झेवियर जपानमध्ये केवळ सव्वादोन वर्षे राहिले. १५५१ च्या नोव्हेंबरात ते परतले आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांचे निधन झाले. त्यांचा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चमध्ये आहे. त्यांचे नाव जगभर झाले; परंतु जपानमध्ये ख्रिस्ती धर्म रुजविण्याचे श्रेय मागे राहिलेल्यांकडे जाते. तोरेस १५७० मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे जपानमध्येच राहिले. फर्नांदेझ यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि तेही तेथेच मरण पावले. त्याहून महत्त्वाचा ठरला तो यामागुचीत बाप्तिस्मा घेतलेला लोरेन्सो. दृष्टी अधू असलेला हा गृहस्थ बिवा हे तंतुवाद्य वाजवून कथा सांगत गावोगाव फिरत असे. जपानी श्रोत्याला काय बोचते आणि काय रुचते हे तो जाणत होता, कारण तो त्यांच्यातलाच होता. अनेक उच्चकुलीन जपानी त्याच्या प्रतिपादनाने ख्रिस्ती झाले.

या इतिहासाचा एक धागा आपल्या वसईपर्यंत येतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानला गेले, तेथे व्यापार केला, भाषा शिकले आणि पुढे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. तोयोतोमी हिदेयोशीने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रूसावर चढवून मारण्यात आले, त्यांत गोन्सालो गार्सिया होते. १८६२ मध्ये रोमन चर्चने त्यांना संतपद दिले.

पुढे तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये देशव्यापी बंदी जारी केली आणि १६३७-३८ च्या शिमाबारा उठावानंतर ती अत्यंत कठोर झाली. या बंदीची बौद्धांसाठी एक दुःखद बाजू आहे आणि ती लपवून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही. आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवून तेथील प्रमाणपत्र घ्यावे लागे. अशा रीतीने बुद्धविहार हे राजसत्तेचे नोंदणी कार्यालय बनले. लोक मंदिराशी बांधले गेले ते श्रद्धेने नव्हे, तर कायद्याने. अंत्यविधी आणि स्मृतिदिन यांपुरताच भिक्खूंचा संबंध उरला, याचे एक मोठे कारण या व्यवस्थेत आहे. जपानी तरुणाला आज मंदिराकडे जावेसे का वाटत नाही याचे उत्तर शोधताना परधर्मीय प्रचारकाकडे बोट दाखविण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.

बंदी उठली १८७३ मध्ये. तत्पूर्वी १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही शेतकरी आले आणि आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी फ्रेंच पाद्रीस हळूच सांगितले. दोनशे वर्षांहून अधिक काळ एकही पाद्री नसताना या कुटुंबांनी आपली श्रद्धा गुप्तपणे जपली होती. प्रचारकावाचून धर्म टिकला तो मागे राहिलेल्या साध्या माणसांमुळे, याहून मोठा पुरावा कोणता असू शकेल?

साप्पोरोचे आठ महिने

यावर कोणी असे म्हणेल, की अल्प मुक्कामानेही कधी कधी मोठे कार्य होते. साप्पोरोचे उदाहरण पाहा. ते उदाहरण खरोखरच विचारणीय आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम क्लार्क १८७६ च्या जुलै अखेरीस साप्पोरो कृषी महाविद्यालयात आले आणि १८७७ च्या एप्रिलमध्ये परतले. म्हणजे मुक्काम जेमतेम साडेआठ महिन्यांचा. ते मिशनरी नव्हते, विज्ञानाचे अध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना बायबल वाचावयास दिले आणि एक प्रतिज्ञापत्र तयार केले. त्यावर पहिल्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी सह्या केल्या.

खरी कथा त्यानंतरची आहे. क्लार्क गेल्यावर दुसऱ्या वर्गाचे विद्यार्थी आले. त्यांत उचिमुरा कांझो आणि नितोबे इनाझो होते. क्लार्क यांच्या हाताखाली ते कधीच शिकले नाहीत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आग्रह करून, किंबहुना दडपण आणून, त्यांच्या सह्या घेतल्या. उचिमुरांनी पुढे १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी आत्मकथनात ही सही आपण मनाविरुद्ध केली होती असे स्पष्टपणे लिहिले आहे. मात्र सहीवर ते थांबले नाहीत. हे विद्यार्थी वसतिगृहात स्वतः सभा घेत, आळीपाळीने प्रवचन करीत, एकमेकांच्या शंका काढीत. पदवीनंतर त्यांनी साप्पोरोत स्वतःचे स्वतंत्र चर्च उभे केले आणि इमारतीसाठी मेथडिस्ट मिशनकडून मिळालेली रक्कम १८८२ मध्ये परत करून टाकली. धर्म विदेशी असला तरी आपण कोणाचे मिंधे राहणार नाही, ही त्यामागची भूमिका होती.

या निष्ठेची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८९१ च्या जानेवारीत टोकियोतील एका उच्च विद्यालयात सम्राटाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे पुरेसे वाकून वंदन न केल्यामुळे उचिमुरांवर देशभर टीकेचे मोहोळ उठले आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे त्यांनी ‘मुक्योकाई’, म्हणजे चर्चविरहित ख्रिस्ती धर्माचा विचार मांडला. त्यात पाद्री नाही, संस्कारविधी नाहीत. ग्रंथाचे सामुदायिक अध्ययन हाच उपासनेचा गाभा. त्यांच्या अभ्यासवर्गात अनेक विद्यार्थी येत. त्यांपैकी नानबारा शिगेरु आणि यानाइहारा तादाओ हे दोघे महायुद्धानंतर एकापाठोपाठ एक टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. यानाइहारांनी १९३७ मध्ये युद्धविरोधी लेखनामुळे प्राध्यापकपद गमावले होते.

म्हणून साप्पोरोच्या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष वेगळाच आहे. क्लार्क यांचा मुक्काम अल्प असूनही कार्य टिकले, कारण त्यांच्यामागे एकाच छताखाली राहणारा, एकच भाषा बोलणारा आणि वर्षानुवर्षे एकत्र वाचणारा विद्यार्थ्यांचा संघ होता. याच न्यायाने १९४७ मध्ये जपानी ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी स्थापन केलेला ‘किरिसुतोशा गाकुसेइकाई’ हा संघ आजही विद्यापीठांत कार्य करतो. तेथे विद्यार्थीच विद्यार्थ्यांशी बोलतो आणि जुलै संपल्यावरही तेथेच असतो.

संशयाची छाया

आजच्या दौऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, ती विश्वासाची. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. या पंथात नामांकित विद्यापीठांचे पदवीधर होते हे उघड झाल्यावर जपानी समाज हादरला. त्याआधीपासून युनिफिकेशन चर्चशी संबंधित विद्यार्थी मंडळे आपले खरे स्वरूप न सांगता अभ्यासमंडळ किंवा प्रश्नावली अशा निमित्ताने तरुणांना जवळ करीत, अशी तक्रार होतीच. १९५४ मध्ये दक्षिण कोरियात स्थापन झालेल्या या पंथाला मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती चर्चेस आपले मानीत नाहीत. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. आरोपीच्या आईने या पंथाला दिलेल्या प्रचंड देणग्यांमुळे कुटुंब उद्ध्वस्त झाल्याचे पुढे आले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देणग्यांसाठी अनुचित मार्गांनी गळ घालण्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला आणि मार्च २०२५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने या पंथाचे धार्मिक संस्थेचे कायदेशीर स्वरूप रद्द करण्याचा आदेश दिला.

परिणामी अनेक जपानी विद्यापीठे एप्रिलमध्ये नवागतांना सावध करतात, की आपली ओळख लपवून जवळीक साधणाऱ्या मंडळांपासून दूर राहा. अशा वातावरणात इंग्रजी संभाषणाच्या नावाने बोलावून शेवटी धर्माचा विषय काढणे ही केवळ युक्तीची बाब राहत नाही, ती नीतीची होते. ज्याने मैत्री म्हणून हात पुढे केला त्याला आपण कोणाच्या तरी अहवालातील संख्या होतो असे कळले, तर त्याचा एका धर्मावरचाच नव्हे, तर एकंदर मैत्रीवरचाही विश्वास ढळतो. अनेक ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी हे ओळखले आहे आणि आमंत्रणपत्रिकेवरच चर्चचे नाव व बायबलवाचनाचा उल्लेख करण्याची दक्षता ते घेतात. ही रीत निःसंशय प्रशंसनीय होय.

‘मला धर्म नाही’ याचा अर्थ

जपानी विद्यार्थ्याला धर्म विचारला तर तो बहुधा म्हणतो, ‘मला धर्म नाही.’ पाहुणा हे नास्तिकतेचे विधान समजतो. परंतु जपानी भाषेत ‘शूक्यो’ हा शब्द पाश्चात्त्य ‘रिलिजन’ या अर्थी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रूढ झाला. त्यातून एखादा संस्थापक, ग्रंथ आणि सभासदत्व असलेला पंथ सूचित होतो. अभ्यासक आमा तोशिमारो यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला : संस्थापकाने प्रवर्तित केलेला धर्म वेगळा आणि पिढ्यानुपिढ्या जगण्यातून आलेला नैसर्गिक धर्म वेगळा. ‘मला धर्म नाही’ म्हणणारा तरुण नववर्षाला शिंतो मंदिरात जातो आणि ओबोनला पूर्वजांपुढे हात जोडतो. त्याच्या मनाची पाटी कोरी नसते. ती लिहिलेली असते, मात्र तिचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

येथे मंदिरांचीही जबाबदारी येते. क्योतोतील ओतानी व र्‍युकोकु आणि टोकियोतील कोमाझावा अशी बौद्ध परंपरेची मोठी विद्यापीठे जपानमध्ये आहेत, तेथील बौद्धविद्येचे संशोधन जगन्मान्य आहे. तथापि घरापासून दूर, खोलीत एकटा राहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जगायचे कशासाठी?’ असा प्रश्न पडला, तर तो आपल्या कुटुंबाच्या मंदिरातील भिक्खूकडे क्वचितच जातो. ते मंदिर त्याच्या दृष्टीने मृतांचे असते. अशा वेळी कोणी परका तरुण सातासमुद्रापलीकडून येऊन ‘तू कसा आहेस?’ असे विचारतो, हीच त्या दौऱ्याची खरी शक्ती आहे, आणि ती मान्य केली पाहिजे.

बुद्धधम्माच्या दृष्टीने

तथागतांनी धम्म ‘एहिपस्सिक’ म्हटला, म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा’ असे आवाहन करणारा. त्या दृष्टीने प्रचाराच्या तीन कसोट्या आम्हांस दिसतात.

पहिली कसोटी उद्देश उघड असण्याची. दीघ निकायातील उदुम्बरिक सीहनाद सुत्तात, मी हे शिष्य मिळविण्यासाठी सांगत नाही, तुमचे जे गुरू आहेत तेच तुमचे गुरू राहोत, असा आशय तथागत परिव्राजकांपुढे स्पष्ट करतात. दुसरी कसोटी श्रोत्याच्या भाषेची. बुद्धवचन लोकांनी आपापल्या भाषेत शिकावे अशी अनुज्ञा विनयपिटकात आहे. तिसरी कसोटी श्रोत्याला विचारास अवसर देण्याची. मज्झिम निकायातील उपालि सुत्तात निगंठांचा उपासक उपालि तत्काळ शरण जाऊ इच्छितो, तेव्हा तथागत त्याला नीट विचार करण्यास सांगतात आणि निगंठांना तुझ्या घरी मिळणारे दान बंद करू नकोस असेही सुचवितात. धर्मांतर करणाऱ्याने आपल्या पूर्वीच्या नात्यांचे काय करावे, या प्रश्नाचे यात एक उदार उत्तर आहे. यामागुचीच्या लोकांचे अश्रू आठवले म्हणजे या उत्तराचे मोल कळते.

या कसोट्या आम्ही इतरांना लावू पाहतो, तर त्या आपणासही लावल्या पाहिजेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मत्यागाची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बुद्धधम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची होती. त्या दीक्षेच्या पाठीशी चार दिवसांचा उत्साह नव्हता. त्यानंतर जपानमधून १९६० च्या दशकात भारतात आलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई नागपुरास आपले कार्यक्षेत्र मानून येथेच राहिले आणि त्यांनी भारताचे नागरिकत्वही स्वीकारले. जपानहून येणारा आणि जपानला जाणारा, दोन्ही दिशांच्या प्रवाशांना एकच नियम लागू पडतो : जो राहतो त्याचाच शब्द रुजतो.

आज आपल्याकडेही दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे होतात, वर्षावासात व्याख्यानमाला होतात, पाहुणे वक्ते येतात व जातात. हे कार्य आवश्यकच आहे. परंतु अकराव्या दिवशी त्या तरुणाच्या घरी लग्नविधीचा, अंत्यविधीचा, आजीच्या जुन्या देवाचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्याच्या वस्तीत त्याचे ऐकणारा कोणी आहे काय? विहारात दर आठवड्याला एकत्र बसून ग्रंथ वाचणारे पाच-सात जण आहेत काय? नसतील, तर जुलैमध्ये येऊन ऑगस्टपूर्वी निघून जाणाऱ्या पाहुण्यात आणि आपल्यात काही अंतर उरत नाही.

धर्म सांगणाऱ्याला परतीचा प्रवास असतो. धर्म स्वीकारणाऱ्याला तो नसतो. त्याला त्याच घरात, त्याच माणसांत, त्याच समाधीपुढे उभे राहावयाचे असते. तेव्हा ज्या विहारात शिबिर भरवावयाचे असेल, तेथे शिबिराची तारीख ठरविण्यापूर्वी त्यानंतरच्या वर्षभराच्या वाचनवर्गाची जबाबदारी कोणी घेतली आहे, याची निश्चिती करावी, एवढेच आमचे वाचकांस नम्र निवेदन आहे.